नदीला लावलेली ताटी

भैयाजीने जन्मभर खस, म्हणजे वाळा, उपटायचंच काम केलं. तळ्याकाठचा, नाल्याकाठचा खस खणायचा, मुळं कापून धुवायची, वाळवायची आणि बांबूच्या कामट्यांत भरून कूलरच्या ताट्या बांधायच्या. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस देवाच्या खालोखाल कूलरलाच मानतो, त्यामुळे भैयाजीच्या हाताला उसंत नसे. मुळं कापल्यावर उरलेले हिरवे बुडखे कोणाच्याच कामाचे नसत. ते तो घरामागे नदीच्या उतारावर भिरकावून देई.

घरामागे मोकळं मैदान आणि मैदानाला लागून पिवळी नदी. वस्तीचा तान्हा पोळा याच मैदानात भरे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून आणत आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे करत. भैयाजीच्या बापाने इथेच नंदी ओढला होता, त्यानेही ओढला, आता नात खुशी ओढत होती. पण नदी दर पावसाळ्यात मैदानाचा एकेक घास घेई. मागे एकदा काठाला दगडांची भिंत घातली, तर नदीने भिंतीमागची माती खाल्ली आणि भिंत तोंडावर पडली. गेल्या वर्षी तर पोळ्याच्या तोंडावर तोरणाचा खांबच वाहून गेला.

त्या वर्षीचा पोळा कसाबसा, घरांना चिकटून झाला. मग पोळा समितीचे अध्यक्ष मनोहरराव बोलले. कचेरीतून निवृत्त झालेले, बोलणं नेहमी ठरावासारखं.

"पुढच्या वर्षी लग्नाच्या लॉनवर करू. फरशी आहे, स्टेज आहे, पंखे आहेत."

भैयाजी पुढे झाला. "फरशीवर कुठं पोळा असते जी? नंदीच्या पायाले माती नको?"

"माती राहिली तर न, भैयाजी!"

घरी आल्यावर भैयाजीची बायको प्रेमलता मागच्या दारातून काठ न्याहाळू लागली. मग म्हणाली, "एक सांगा. सारा काठ खचला, अन् तुमी कचरा फेकता तोच कोपरा कसा काय उभा आहे?"

दोघं उतरून पाहायला गेले. फेकलेल्या बुडख्यांनी मूळ धरलं होतं. कमरेएवढे खसाचे ठोंब दाटीवाटीने उभे होते आणि त्यांच्याखालची माती जागची हलली नव्हती.

"बाप्पा!" भैयाजी तिथेच बसला आणि हसत सुटला. "जन्मभर याची मुळं हातात घेतली, अन् हे काय धरून बसते ते मले ठाऊकच नाई!"

"तुमाले घरातलं तरी कुठं ठाऊक असते," प्रेमलता म्हणाली.

ओल होती तोवर दोघांनी बुडखे आणून सगळ्या काठावर लावले, उताराला आडव्या ओळींत, ठोंबाला ठोंब भिडवून. मनोहरराव फिरायला येत तेव्हा थांबून बघत. "गवताने नदी अडते काय हो?"

"नदीले अडवाचं कायले? तिले फक्त माती नेऊ द्याची नाई."

"बरं, पुढचा पूर जाऊ द्या. मैदान राहिलं तर पोळा इथे. नाही तर लॉन." शब्द ठरला.

हिवाळ्यात ठोंब फोफावले. उन्हाळा लागला आणि भैयाजीला चैन पडेना. खस वरून कितीही हिरवा दिसो, त्याच्या लेखी ती निव्वळ पाती. खस म्हणजे मूळ, आणि मूळ म्हणजे हातात घेऊन, वास घेऊन पाहायची चीज. एक दिवस त्याने सब्बल, म्हणजे खणायची पहार, घेतली, मधला एक ठोंब उपटला, मूळ पाहिलं, खूश झाला, परत खोचून ठेवला. तो वाळला. मग शेजारचा पाहिला. तोही वाळला. तिसऱ्याला सब्बल लावली तेव्हा मागून आवाज आला.

"काय करून राहिले?"

"धरलं का नाई, ते पाहून राहिलो."

"पोरगी नांदून राहिली का नाई, हे पाहाले तिले रोज सासरून ओढून आणान का?"

प्रेमलताने सब्बल काढून घेतली आणि गव्हाच्या कोठीमागे लपवली. भैयाजीने रिकाम्या जागी नवे बुडखे लावले, रोज पाणी घातलं. पण पाऊस आला तेव्हा ते वीतभरच होते.

श्रावणात एका सकाळी नदी चढली. तांबडं पाणी मैदानाच्या कडेवरून वाहू लागलं. सगळी वस्ती ओट्यांवर उभी. खसाची पाती पाण्याखाली आडवी झाली, जशी कोणी तेल लावून विंचरली असावी. काठ मात्र हलत नव्हता. आणि मग नेमकी त्या उपटलेल्या ठोंबांच्या जागी ढेकळं सुटायला लागली. एक पडलं, दुसरं पडलं. पहिली ओळ तिथे तुटली. भैयाजीने डोळे मिटले.

"उघडा," प्रेमलताने कोपर मारलं. "थांबलं थे."

खोक मागच्या ओळीपाशी येऊन थबकली होती.

पाणी उतरल्यावर सगळे काठावर गेले. खोकीच्या उभ्या कापात खसाची मुळं उघडी पडली होती. माणसाच्या उंचीहून खोल, दाट, सोनेरी, त्यांतून पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. जणू नदीलाच कोणी ताटी लावली होती. भैयाजीने आयुष्यात एवढी मोठी ताटी बांधली नव्हती, आणि ही तर त्याने बांधलीही नव्हती. वाऱ्याची झुळूक आली आणि भर श्रावणात मैदानभर वैशाखातल्या दुपारचा गार वास पसरला.

"कूलर कोणी लावला रे?" मनोहरराव नाक वर करून म्हणाले, आणि सगळे हसले. त्यांनी मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "मैदान तर आहे. पण ही खोक?"

"थे माहं काम आहे," भैयाजी म्हणाला. "नदीचा दोष नाई."

"हाव, मी साक्षीला आहो," प्रेमलता म्हणाली.

"मग पोळा इथेच." मनोहरराव खाली वाकले. "पण काय मूळ आहे हो! एक उपटून बघू द्या न, घरच्या कूलरसाठी..."

"हात नोका लावू!" नवरा-बायको एकदमच ओरडले. मनोहररावांनी हात खिशात घातला.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी प्रेमलताने कोठीमागून सब्बल काढली. "घ्या. खांबाचा खड्डा खणा. अन् काम झालं का सब्बल माह्यापाशी आणून द्या."

भैयाजीने खड्डा खणला, खांब रोवला, तोरण बांधलं. दुपारी झुली घातलेले, घुंगरं बांधलेले नंदी रांगेत उभे राहिले. खुशीने आपल्या नंदीच्या गळ्यात खसाच्या पातीची माळ घातली होती. तोरण तुटलं, पोळा फुटला आणि लेकरं दोऱ्या ओढत थेट काठापर्यंत धावत सुटली. कोणाची आई "अरे, पडसाल!" म्हणून ओरडली नाही.

भैयाजीने सब्बल पुसून बायकोच्या हातात दिली.