खालची टकटक

"फ्रिज भिंतीला चिकटवू नकोस गं. मागच्या नळीला मोकळं वेटोळं लागतं. चेपली की कधीतरी दगा देते," खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या होत्या. फ्रिजला नळाची लाइन जोडून प्लंबर नुकताच गेला होता आणि ती कचरा टाकायला खाली आली होती. "माझ्या बहिणीकडे अख्खं स्वयंपाकघर पोहत होतं."

"हो काकू, बघते," म्हणून ती वर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "काकूंना प्रत्येक गोष्टीत बहीण आठवते."

"बहिणी तरी किती आहेत त्यांना!" तो हसला, तीही हसली. विषय संपला.

सिंकखालून निघालेली ती पांढरी, बारीक नळी कपाटामागून फ्रिजच्या पाठीला गेली होती. फ्रिजच्या दारातूनच गार पाणी मिळू लागलं आणि बाटल्या भरायची कटकट मिटली. पण तिची लेक ठमी रांगायला लागली आणि तिच्या जिवाला घोर लागला. टेबलाचे कोपरे, दारांच्या फटी, सगळीकडे तिला संकट दबा धरून बसलेलं दिसे. एकदा ठमीचा हात फ्रिजमागे नळीकडे गेलेला तिला दिसला. तिने पदर खोचला, खांदा लावला आणि फ्रिज पार भिंतीला भिडवला. आता बोटं जातातच कशी, बघू!

मग एका दुपारी ठमीला चटईवर निजवून ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तोच खालून टकटक सुरू झाली. काकूंची ही जुनीच सवय. रेडिओ मोठा झाला, ठमीने डबे आपटले, की झाडूचा दांडा छतावर वाजलाच.

"अहो काकू, झोपलीय ती!" ती कठड्यावरून वाकून ओरडली. "आवाज आहेच कुठे?"

टकटक थांबेना. उलट धडधड वाढली. हातातला टॉवेल बादलीत आपटून ती तणतणत आत आली आणि दारातच गार पडली. फ्रिजमागून पाणी उसळत होतं. ठमी केव्हाच उठली होती आणि पाण्यात बसून आनंदाने थापट्या मारत होती. पाणी जमिनीवरच्या वायरच्या बोर्डाकडे सरकत होतं. आता पोहोचेल, मग पोहोचेल. मिक्सरचा प्लग त्या बोर्डातच होता.

तिने ठमीला उचललं, मेन स्विच पाडला, मग सिंकखालचा कॉक बंद केला.

ठमीला कडेवर घेऊन ती खाली धावली. काकूंचं दार नेहमीसारखं उघडंच. त्यांचा सगळा संसार एका खोलीत. पलंगावर छतातून धार लागली होती, गादी चिंब, केस चिंब. दुखरा खुबा सांभाळत काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि दांडा अजून वर धरलेला होता.

"काकू, आधी गादी तरी सरकवायची!"

"गादी वाळते गं. जिना मला चढवत नाही, फोन तू उचलत नव्हतीस. पोर कशी आहे?" त्यांनी ठमीचे ओले तळवे दोन्ही हातांत घेतले.

तिच्या रडण्याचा बांध फुटला.

"पुरे आता," काकू म्हणाल्या, "आधीच काय कमी पाणी आहे घरात!"

गादी तिने गच्चीवर नेऊन वाळवली. फ्रिज पुढे ओढला, नव्या नळीला ऐसपैस वेटोळं दिलं आणि फटीवर फळी ठोकून घेतली. काकूंच्या बहिणीची चौकशीही केली. एकच होती.

तेव्हापासून सकाळी चहा ठेवताना ती उलथन्याने जमिनीवर टकटक करते आणि खालून दांड्याचं उत्तर येतं. परवा आलं नाही. तिने पुन्हा ठोकलं. काहीच नाही. गॅस बंद करून, ठमीला काखोटीला मारून ती खाली पळाली. पलंग रिकामा होता.

"काकू!"

"अगं, जिवंत आहे! साबण लावतेय!" न्हाणीघरातून आवाज आला.

ती गादीवर मटकन बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ठमी वर बघत होती. छतावर पाण्याचा पिवळट डाग होता आणि त्यात दांड्याचे गोल गोल ठसे.

तुमच्याही वर, खाली, शेजारी अशी एखादी टकटक असेल. वैताग आणणारी. हल्ली ती ऐकू आली नसेल, तर गॅस बंद करा आणि एकदा जाऊन बघून या.