एकशे बारावं पान

वहिनी इंग्रजीत दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा मला आतून जरा बरंच वाटलं. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. मी वरच्या वर्गांना इंग्रजी साहित्य शिकवते, गेली सोळा वर्षं. ती इस्पितळात वॉर्डची मदतनीस. चादरी बदलायच्या, ताप बघायचा, वहीत नोंद करायची. नात्याने मोठी, पण वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मी तिला अगं-तुगं करते आणि ती मला अहो-जाहो. तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी वरच्या वर्गाच्या इंग्रजीत साठ गुण लागतात, आणि वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची होती.

परीक्षेची रीत अशी की कादंबरी नेमलेली असते आणि प्रश्न दोन आठवडे आधी कळतो. आराखडा घरी करायचा, निबंध हॉलमध्ये पुस्तक जवळ ठेवून लिहायचा. बाहेरचा परीक्षक तपासतो आणि शेऱ्यासह परत पाठवतो. वर्षानुवर्षं नेमलेल्या या कादंबरीत एक सुतार असतो आणि त्याच्या मनाविरुद्ध घर सोडून जाणारी त्याची मुलगी. प्रश्न होता, ‘बाप पाषाणहृदयी आहे, चर्चा करा.’

“देवच पावला!” मी म्हटलं. “याचं उत्तर माझ्या नोट्समध्ये तयार आहे. पाठ कर आणि उतरव.”

माझ्या नोट्स शहरभर चालतात. परीक्षकसुद्धा त्या उशाशी घेऊन झोपत असतील असा माझा समज होता.

वहिनीने नोट्स बाजूला ठेवून स्वतःचं स्वतः लिहून आणलं. पाच पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती गोष्ट.

“अगं, परीक्षकाला गोष्ट माहीत आहे,” मी वैतागले. “आधी मुद्दा मांड. मग पुस्तकातला पुरावा दे. मग त्या पुराव्याचा अर्थ लाव.”

“म्हणजे आमच्या वॉर्डच्या वहीसारखं?”

“वॉर्ड कुठून आला मधेच?”

“आमच्या सिस्टर ‘पेशंट उदास’ असं लिहूच देत नाहीत. ताट तसंच परत गेलं, तीन हाका मारल्या, एकीलाही उत्तर नाही, असं लिहायचं. उदास आहे की कानाने कमी ऐकतो, ते नंतर ठरवायचं.”

जे समजावताना मी सोळा वर्षं खडू झिजवले, ते हिने एका परत गेलेल्या ताटात सांगून टाकलं. मला राग आला. कौतुक वाटायला आणखी चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत ती कामावर जाण्याआधी ओट्याशेजारच्या टेबलावर बसायची. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला पाठीला चिकटपट्टी लावलेला शब्दकोश. वहीत तीन रकाने आखलेले. पान कितवं, काय दिसलं, त्यावरून काय वाटतं. कादंबरी ती तिसऱ्यांदा वाचत होती. माझ्या वर्गातली हुशार मुलंही ती एकदा धड वाचत नाहीत, सगळा कारभार नोट्सवर. मधला रकाना गच्च भरला तरी तिसरा कोराच. “घाई कशाला, ताई? सगळं दिसू दे तरी,” म्हणायची. एवढा धीर मी भल्याभल्या प्राध्यापकांत पाहिलेला नाही.

रविवारी दुपारी ती वही घेऊन आली. “ताई, तो बाप पाषाणहृदयी नाही हो.”

“झालं!” मी नोट्स उघडल्या. “पान एकशे बारा, शेवटची ओळ. मुलगी निघाली ‘त्या सकाळी तो स्टेशनवर गेला नाही’. याहून मोठा पुरावा हवा कशाला? सगळी मुलं हेच लिहितात.”

“पण वाक्य तिथे संपत नाही. पान संपतं.”

मी कपाटातून माझी प्रत काढली. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी लाल पेन्सिलीच्या तीन रेघा. पलीकडचं पान नव्यासारखं कोरं करकरीत. तिथे वरच्या ओळीत ते वाक्य पुढे चाललं होतं: ‘तो पुलावर गेला, जिथून गाडीचा शेवटचा डबा सर्वांत जास्त वेळ दिसतो.’

मी नोट्स शेजारी धरल्या; तिथे ‘गेला नाही’नंतर ठसठशीत पूर्णविराम होता. तो पूर्णविराम माझा नव्हता. माझ्या कॉलेजातल्या बाईंच्या वहीतून मी तो जसाच्या तसा उचलला होता, आणि पुलावरच्या त्या माणसाला सोळा वर्षं दगड ठरवलं होतं. मग आणखी एक आठवलं. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने ‘बाप पुलावर उभा होता’ असं लिहिलं होतं. मी लाल शाईत शेरा मारला होता, ‘पुस्तकात नाही.’ मला आता तिचं नावही आठवत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वहिनी, हे पान मी कधी वाचलंच नव्हतं.”

“आता वाचलंत ना!” ती म्हणाली. “वॉर्डमध्ये पान भरलं की आम्ही खाली ‘पान उलटा’ लिहितो. एकदा कुणी उलटलं नाही, आणि एका आजोबांना तेच इंजेक्शन पुन्हा दिलं. वाचले बिचारे. तेव्हापासून पान संपलं की माझा हात आपोआप जातो.”

तरी मी हात जोडले. “हे बघ, परीक्षकाकडेही ह्याच नोट्स असणार. शेवटची खेप आहे. दगड लिही आणि पास हो, बाई.”

“दिसलंय मला, ताई. दिसलेलं नाही असं कसं लिहू?”

आठवडाभर मग आम्ही दोघींनी मिळून तिचा आराखडा ठोकून ठोकून पक्का केला. पहिल्यांदाच असं झालं की शिकवत होते मी आणि शिकतही मीच होते. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही तेवढीच.

दीड महिन्याने निबंध परत आला. पाकीट तिने माझ्याच हातात दिलं. “तुम्हीच बघा.” शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, उरलेल्या दोन बोटं जागेत परीक्षकाने लिहिलं होतं: ‘बापाबद्दलचं सर्वमान्य मत या विद्यार्थिनीने साफ नाकारलं आहे’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागद टेबलावर ठेवून मी तिचा हात धरला. “माझंच चुकलं गं. मी तुला अडवायला हवं होतं.”

वहिनीने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई,” ती म्हणाली, “पान उलटा.”

मी उलटलं. ‘आणि तिचं बरोबर आहे. पुस्तक उघडून खात्री केली. एकाहत्तर.’