मुतारीच्या दगडाला फुलं

मी मुतारीचा दगड बोलतोय. हसा, हसून घ्या एकदाचं. पण माझ्यापुढे हात जोडू नका, किळस येते मला.

ही सगळी घाण एका पैजेतून झाली. पोडिअप्पू आणि कित्सिरी, मेव्हणा आणि दाजी, दोघंही उत्खननावर मजूर. दुपारी चहा पिता पिता पोडिअप्पू म्हणाला, "दाजी, ह्या दगडाचा देव करून दाखवा. नाही जमायचं तुम्हाला. ताईसमोर तर तुमचं तोंडसुद्धा उघडत नाही!" कित्सिरीला झोंबलं. मूर्खासारखा हो म्हणून बसला.

थांबा, आधी माझं ऐका. लंकेतल्या ह्या अनुराधापुराच्या रानात हजारेक वर्षांपूर्वी चिंध्या नेसणारे भिक्खू राहायचे. त्यांच्या भिंतीवर एक फूल कोरलेलं नाही. नक्षी फक्त माझ्यावर! खांब, कमानी, अख्खा महाल कोरला आणि त्यावर मुतायचे. राजवाड्याच्या थाटाची लायकी दाखवायची होती त्यांना. मला पटलं. गपगुमान वास सोसला.

मग रान माजलं. गोऱ्यांच्या राज्यात एक साहेब आला, मला बघून ओरडला, "सिंहासन!" आणि वर बसून फोटो काढून घेतला. त्याला कुणी सांगितलंच नाही, बसलाय कुठे ते.

शेवटी हे उत्खनन करणाऱ्या दमयंती मॅडम आल्या. खुरपी, ब्रश, चाळणी घेऊन माझ्या भोकाखालची माती हळूहळू उकरली, तर खाली एकावर एक मडकी! वाळू-कोळशाने भरलेली, मूत गाळायला. मॅडम खो-खो हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं.

त्या कोलंबोला गेल्या आणि ह्या दोघांची पैज लागली. कित्सिरीने मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, हत्तींच्या रस्त्यावर झाडाखाली दोन धोंड्यांवर टेकवलं आणि वर एक फांदी मोडून टांगली. बस्स. आमच्याकडे रानात शिरताना फांदी टांगायची आणि देवाला म्हणायचं, हत्तीपासून सांभाळ. एकाची दिसली की दुसरा टांगतोच. आठवड्यात पाल्याचा ढीग! ट्रकवाले नारळ फोडायला लागले. माझ्यावर दूध-पाणी ओतायचे आणि भोकातून गळेल ते तोंडाला लावायचे. शी! भिक्खू परवडले, निदान चाटत तरी नव्हते.

कित्सिरी लांबून फिदीफिदी हसायचा. बायकोला मात्र ह्यातलं काही सांगितलं नाही.

परवा तीच आली. मलकांती. कडेवर पोर, अंग तापाने फणफणलेलं, हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले होते डेंग्यू आहे, आत्ताच्या आत्ता भरती करा.

"आधी देवाचं पाणी, मग दवाखाना," म्हणत तिने वाटी माझ्याखाली धरली. पोडिअप्पू शेजारीच, नजर जमिनीत.

"नको पाजू ते," ट्रॅक्टरवरून उडी मारत कित्सिरी म्हणाला.

"का?"

"उशीर होतोय. चल, बस ट्रॅक्टरवर."

"देवाला डावलून? तीन दिवस पाजायचं असतं, मगच दवाखाना. पोरीला काही झालं तर पाप तुमच्या डोक्यावर!"

"बरोबर बोलतेय बाई," मागून एक ट्रकवाला गुरगुरला. "बाजूला हो रे!"

वाटी पोरीच्या ओठांपाशी गेली. कित्सिरीने हात मारून ती उडवली.

"अगं, मुतारी आहे ती! देव-बिव काही नाही. मीच आणून ठेवली, फांदीपण मीच टांगली. नंतर काय मारायचं ते मार मला, पण आधी पोरीला उचल!"