वीस वेळा ‘एकही नाही’

हिला जाऊन दोन महिने झाले तेव्हा कारखान्यातून एक जाड पाकीट आलं. ऑफिसातली जुनी कपाटं रिकामी करत होते, म्हणून नव्या क्लार्कबाईंनी गेलेल्या माणसांचे कागद ज्याच्या त्याच्या घरी पाठवून दिले. हिच्या पाकिटात नोकरीचा अर्ज होता, तरुणपणचा एक फोटो होता आणि ती चाचणी होती.

आधी कारखान्याचं सांगतो. आम्ही दोघं तिथेच कामाला. सोफ्याची कव्हरं शिवायचा कारखाना, कापड बहुतेक मखमल. मी शिलाईची मशीनं दुरुस्त करायचो. ही कटिंग टेबलावर. पुठ्ठ्याचे साचे कापडावर मांडायचे, खडूने आखायचे आणि कापायचं. हिने कापलेल्या ठिकाणी ज्या चिंध्या उरायच्या, त्यात बाहुलीचा झगासुद्धा झाला नसता.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की ती बसते, उलटा फिरवला की उभी राहते. एकाच कापडाचा तुकडा उलटा लावला तर तो गडद दिसतो. म्हणून मखमल कापणारा माणूस साचा कधी फिरवत नाही. हिच्या हाताला ही सवय वीस वर्षांची.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या लोकांच्या डोक्यात आलं, की सगळ्यांची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायची आणि ज्याची जेवढी बुद्धी त्याला तेवढं काम द्यायचं. चाचणी घेतली आमच्या मॅनेजरने. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. तिसरीत चष्मा लागला तेव्हापासून आम्ही त्याला चष्माच म्हणतो.

मला एकशे अठरा मिळाले. मी सुपरवायझर झालो. हिला चौऱ्याहत्तर मिळाले. हिला टेबलावरून काढून मागच्या खोलीत धागे कापायला बसवलं.

त्या संध्याकाळी ही म्हणाली, “अहो, त्यातला एकही तुकडा लागत नव्हता.”

मी म्हटलं, “अगं, ते कापड नव्हतं. कागद होता. कागदावर डोकं चालवायचं असतं.”

“हो का?” ही म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

कारखान्यात हिला चौऱ्याहत्तर हेच नाव पडलं. “चौऱ्याहत्तर, कात्री आण गं.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. घरी मी हिला सगळं समजावून सांगायला लागलो. बातम्यांत काय सांगतायत, डॉक्टर काय म्हणाला, पत्रात काय लिहिलंय. ही प्रत्येक वेळी म्हणायची, “हो का?”

एकदा बारा सोफे परत आले. प्रत्येकाचा एक हात गडद. आम्ही रंगवाल्याला फोन करून नको नको ते बोललो. ही मागच्या खोलीतून आली, हाताने एकदा चाचपलं आणि म्हणाली, “रंग ठीक आहे. हात उलटा कापलाय.”

चारचौघांत मी हिला म्हटलं, “तू तुझे धागे काप.”

आता ती चाचणी माझ्यासमोर होती. शेवटच्या भागात वीस प्रश्न. डाव्या बाजूला एक आकृती, उजव्या बाजूला चार. डावीकडचीच आकृती फिरवून ठेवलेली कोणती, ते ओळखायचं. हिने वीसच्या वीस ठिकाणी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘एकही नाही’.

शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी काही होतं. ‘फिरवलेला तुकडा वेगळा धरते. मखमलीची सवय. बाकी सगळं बरोबर.’ अक्षर चष्म्याचं. मी शाळेत त्याच अक्षरातून गृहपाठ उतरवून घ्यायचो. आणि त्याच्या खाली, त्याच हाताने, शाईने लिहिलेलं चौऱ्याहत्तर.

रविवारी सकाळी मी हिच्या शिवणाच्या डब्यातून मखमलीचे दोन तुकडे घेतले आणि चष्म्याकडे गेलो. तो खिडकीशी पेपर वाचत होता.

“ये रे. जेवण वगैरे नीट करतोस ना?”

मी दोन्ही तुकडे त्याच्या पेपरवर ठेवले, एक उलटा. “सारखे आहेत का सांग.”

त्याने चष्मा वर केला. “एक गडद आहे.”

मी तो तुकडा फिरवला. दोन्ही एक झाले. मग हिच्या चाचणीचा कागद ठेवला. त्याने तो उचलून पेन्सिलीची ओळ वाचली.

“हे तुझ्याकडे कसं आलं?”

“ते सोड. तुला माहीत होतं.”

“होतं. दुसऱ्याच दिवशी वहिनी आल्या होत्या. असेच दोन तुकडे घेऊन. दोन मिनिटांत मला समजावलं त्यांनी.”

“मग?”

“मी म्हटलं, पुन्हा घेऊ चाचणी. पण एकाची घेतली की सगळ्यांची घ्यायची, असा वरून हुकूम होता. तुझी सुपरवायझरची ऑर्डर तेव्हा टेबलावर सहीला पडली होती, ती अडली असती. वहिनी म्हणाल्या, राहू द्या भाऊजी. ह्यांना सांगू नका. फार खूश आहेत.”

“आणि तू राहू दिलंस.”

“तू नव्हतास का खूश?”

मी खिशातलं पेन काढून पुढे केलं.

“खोड तो आकडा. खाली लिही चुकीचा होता म्हणून, आणि सही कर.”

“आता कोणाला दाखवायचंय?”

“मला.”

त्याने पेन घेतलं, टोपण काढलं, कागदाकडे बघत बसला. मग टोपण परत लावलं.

“ती चाचणी अजून चालू आहे रे,” तो म्हणाला. “मागच्याच महिन्यात चौतीस जणांची घेतली. मला दीड वर्ष काढायचंय तिथे. सही नाही करता येणार. चहा घेतोस?”

मी चहा घेतला नाही. घरी येऊन आकडा मी स्वतःच खोडला, दोन रेघा मारून. पण त्याच्याखाली माझी सही कोण खरी धरणार? मलाच मोठं केलंय त्या चाचणीने.

चष्म्याशी मी आता बोलणार नाही. ते सोपं आहे. हिच्यावर रागवायचं तर कुठे जाऊन रागवू? एका घरात, एका ताटासमोर, अकरा वर्षं मी हिला समजावत राहिलो आणि हिने मला समजावू दिलं. एकदा नुसते दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले असते तरी चाललं असतं.

कदाचित मी तेव्हाही म्हणालो असतो, तू तुझे धागे काप.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी हिला सांगितलं होतं, डॉक्टर म्हणतोय तू बरी होशील. हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हो का?”