मला सांगितलेलं नाव

मी पेट्यांची वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची. मला बोलायची सवय नाही, ऐकून घ्यायची आहे. पण सध्या मी दुसऱ्याच्या घरी आले आहे आणि करमत नाहीये, म्हणून बोलतेय.

चोवीस वर्षांपूर्वी सुलोचनाने मला साताऱ्यात विकत घेतलं. तिचं नुकतंच लग्न झालेलं, नवरा गोपीनाथ हवाई दलात आणि पहिली बदली थेट जोधपूरला. काळ्या लोखंडी पेट्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे पडले आणि कुठल्या पेटीत काय, ते माझ्या पानांवर. 'पेटी सात: कुकर, पोळपाट, गणपती.' 'पेटी सतरा: फुटका आरसा.' त्यानंतर सात बदल्या झाल्या. आरसा अजून फुटकाच आहे आणि अजून पेटी सतरामध्येच आहे. तो कुणी वापरत नाही आणि कुणी टाकतही नाही. माणसांचं हे मला फार आवडतं.

दर बदलीला खिडक्या मात्र बदलत. जोधपूरचे पडदे तेजपूरला आखूड झाले, तेजपूरचे पुढच्या गावी जमिनीवर लोळायला लागले. शेवटी सुलोचनाने डोकं चालवलं. पडद्याच्या खालच्या कडेला वीतभर कापड दुमडून तिने कच्चा टाका घातला. नवी खिडकी मोठी निघाली की टाका उसवायचा, पडदा लांब. शेजारणींनी ते पाहिलं आणि 'आम्हालाही शिवून दे' सुरू झालं. माझ्या पानांवर पेट्यांच्या जोडीला खिडक्यांची मापंही आली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चंदिगढला आलो. सेक्टर सत्तेचाळीसमधलं भाड्याचं घर, वरचा मजला. खाली पद्मिनी राहायची. ती अकोल्याची, नवरा डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात. एवढ्या लांब मराठी बोलणारं माणूस जिन्याच्या खालीच भेटलं म्हटल्यावर दोघींचं न जमतं तरच नवल. पद्मिनी कापड बेतायची, सुलोचना शिवायची. हळूहळू असं ठरलं की पडद्यांचं दुकान इंटरनेटवर मांडायचं. बदलीवरच्या बायका देशभर पसरलेल्या आहेत, सगळ्यांच्या खिडक्यांचं दुखणं एकच.

दुकानाला नाव हवं. त्यांनी मला मागच्या पानाकडून उघडलं आणि नावं लिहायला सुरुवात केली. एकतीस नावं लिहून खोडली. बत्तिसावं आलं, 'नवी खिडकी'.

"हे पंजाबी बायकांनाही कळेल, ताई," पद्मिनी म्हणाली.

सुलोचनाने त्याभोवती दोनदा गोल काढला. काय खूश होती! समोरच्याच पानावर मापं होती, त्यांचा पद्मिनीने मोबाइलवर फोटो काढून घेतला. हा फोटो लक्षात ठेवा.

इंटरनेटवर दुकानाचं नाव आधी आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. ती नावं देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्या पानावर एक पांढरी चौकट असते. तिच्यात नाव लिहिलं की ते मोकळं आहे की गेलेलं, हे ती सांगते. सुलोचनाने लिहिलं. मोकळं होतं.

तिची मुलगी ईश्वरी नुकतीच आयटी पार्कमध्ये नोकरीला लागली होती. ती म्हणाली, "तो ले लो ना मम्मा, अभी के अभी!"

"शुभ काम आहे. दसऱ्याला घेऊ. कुठे पळून जातंय?"

दसऱ्याला नऊ दिवस होते. सुलोचना रोज सकाळी चौकटीत नाव लिहून बघायची. आहे ना अजून? आहे. आणि समाधानाने चहा टाकायची. त्या नऊ दिवसांत तिने त्या चौकटीला माझ्यापेक्षा जास्त वेळा ते नाव सांगितलं. मला थोडी असूया वाटली, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याला शिलाई मशीनला झेंडूचा हार घातला. मलाही हळदकुंकू लागलं. मग सुलोचनाने नाव लिहिलं आणि चौकट म्हणाली, गेलं. आदल्या दिवशीच कुणीतरी घेतलं होतं आणि विकायलाही काढलं होतं. किंमत वाचून गोपीनाथरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

सुलोचनाने मला मागून उघडलं, गोल केलेलं नाव पाहिलं आणि म्हणाली, "घराबाहेर हे नाव फक्त पद्मिनीला माहीत होतं. तिने फोटोही काढला होता."

अगं, तो मापांचा होता! मला ओरडावंसं वाटलं. पण वहीला लिहिलेलंच बोलता येतं.

संध्याकाळी पद्मिनी सोनं द्यायला आली. इथे आपटा मिळत नाही, रस्त्याकडेच्या कचनाराची पानं चालवून घेतात. खांद्याला पिशवी होती, काहीतरी सांगायचंय, असं चेहऱ्यावर दिसत होतं. सुलोचनाने दारातच पानं घेतली, पानं दिली. "बस" म्हणाली नाही. पद्मिनी क्षणभर थांबली आणि जिना उतरून गेली.

तीन आठवडे मशीनवर चादर होती. एका रविवारी ईश्वरीने न राहवून विचारलं, "मम्मा, नाम कितनी बार चेक किया था?"

"रोज."

"उसी साइट पे?"

"मग कुठे?"

ईश्वरीने कपाळाला हात लावला. म्हणाली, एक करून बघू, असं नाव लिहू जे जगात कुणालाच नको असेल. गोपीनाथरावांनी मला पुढून उघडलं, पान पाहिलं आणि हसत सुटले. त्या पांढऱ्या चौकटीत लिहिलं गेलं: 'फुटका आरसा पेटी सतरा'. मोकळं होतं, असणारच! मग रोज सकाळी तेच लिहायचं, घ्यायचं मात्र नाही. घरात कुणी त्याचा उच्चारही केला नाही.

आठव्या दिवशी ते गेलं. म्हणजे चौकटीत काय लिहिलं जातंय, ते कुणीतरी बघत होतं.

"किसने लिया, पता नहीं चलेगा," ईश्वरी म्हणाली. "कंपनी असेल, तिथला कोई आदमी, या बीच में कोई तीसरा. पूछोगी तो बोलेंगे, हम तो कुछ देखते ही नहीं. शायद सच भी हो."

सुलोचनाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मला काखेत घेऊन उठली होती. चोवीस वर्षांत मी आठ गावं पाहिली, पण त्या अठरा पायऱ्या उतरताना तिचं काळीज जसं धडधडत होतं, तसं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पद्मिनी, नाव तू फोडलंस असं मला वाटलं होतं."

"कळलं होतं मला ताई. दसऱ्याला तुम्ही बसही म्हणाल्या नाहीत."

"चुकले मी. फार चुकले."

पद्मिनीने कपाटातून तीच पिशवी काढून सुलोचनाच्या मांडीवर ठेवली. आत कापडाच्या छोट्या पट्ट्या होत्या, पडद्याच्या कडेला शिवायच्या. प्रत्येकीवर हाताने भरलेलं, निळ्या दोऱ्याने: नवी खिडकी. बारा होत्या.

"दसऱ्याला आणल्या होत्या," ती म्हणाली. "काहून रडता आता? दोरा उसवता येते."

मग दोघीही रडल्या. मलाही दोन थेंब लागले, एकशे नव्वदाव्या पानावर डाग आहे.

परवा पद्मिनीच्या घरी बसून त्यांनी तेहतिसावं नाव शोधलं. या वेळी ते पद्मिनीने लिहिलं. येत्या रविवारी ईश्वरीला सोबत घेऊन बसायचं, एकदाच बघायचं आणि मोकळं असलं तर त्याच मिनिटाला घ्यायचं, असं ठरलंय. मुहूर्त नाही, काही नाही. निघताना सुलोचनाने मला उचललं आणि पुन्हा पद्मिनीच्या हातात दिलं. "रविवारपर्यंत तुझ्याकडेच राहू दे."

म्हणून मी इथे आहे, पद्मिनीच्या कात्रीशेजारी. त्या बारापैकी एक पट्टी माझ्यात खूण म्हणून घातली आहे.

तुम्हालाही कधी आवडीचं नाव सुचलं, तर घ्यायची तयारी होईपर्यंत ते त्या चौकटीच्या कानावर घालू नका. कागदावर लिहा, जवळच्या माणसाला सांगा. आणि ते नाव हातचं गेलंच, तर आधी त्या माणसाकडे बोट दाखवू नका.

तेहतिसावं नाव काय, ते मात्र मला विचारू नका. ते मला सांगितलेलं आहे.