आम्हाला म्हणजे किती जणांना?

‘म्हण, मला माहीत आहे.’

आईचा श्वास कानाला ऊन लागत होता. पाच वर्षांची पोर चर्चमधल्या माइकपाशी स्टुलावर उभी, आणि आई मागून वाकून एकेक वाक्य तिच्या कानात सोडतेय. मला माहीत आहे, देव आहे. मला माहीत आहे, तो माझं ऐकतो. बाही चावू नकोस. पोरीनं तिन्ही वाक्यं सारख्याच भक्तिभावानं माइकमध्ये म्हटली आणि अख्खी सभा पोट धरून हसली.

त्याला सतरा वर्षं झाली. आज पांढऱ्या झग्यांचं गाठोडं पोटाशी धरून चौथ्या मजल्याचा जिना चढताना तीच कुजबुज पुन्हा तिच्या कानात शिरली, आणि ती पायरीवर थांबली. ओठांतल्या ओठांत तिनं ते वाक्य म्हणून पाहिलं. अर्ध्यावर सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

वर जोडीदारीण कठड्यावरून वाकून बघत होती. तिला थांबणं भागच होतं. या कामाचा नियमच तसा. दीड वर्ष घरदार सोडायचं, छातीवर नावाची काळी पाटी लावायची, दारोदार जाऊन देवाची गोष्ट सांगायची, आणि हे सगळं दोघींनी मिळून करायचं. एकीनं दुसरीच्या नजरेआड व्हायचं नाही. सकाळी साडेसहाला एकदम उठायचं, एकदम गुडघे टेकायचे, त्यांच्या चर्चला वर्ज्य असलेल्या चहा-कॉफीला दोघींनी एकदमच नाही म्हणायचं.

गल्लीनं त्यांचं नाव पाटीवाल्या ठेवलं होतं. गल्ली तशी वाईट नव्हती. दारं लावायची, पण हळू लावायची. एका गृहस्थानं तर बंद दाराआडून स्वतःच सांगितलं होतं, की घरात कुणी नाही. यावर ती मोठ्या अदबीनं म्हणाली होती, की बरं, ते आले की आम्ही येऊन गेल्याचं सांगा. आतून जरा वेळानं ‘सांगतो’ असं आलं. त्या एका शब्दावर दोघी आठवडाभर हसत होत्या. दिवसभरात बारा दारं बंद झाली की रात्री प्रार्थनेत ती तेराव्याबद्दल आभार मानायची, आणि तेरावं दार बहुतेक वेळा शिलाईमावशींचं असायचं.

मावशी चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दारातच दोघींना नजरेनं मापून घेतलं होतं. जोडीदारीण दूरदेशाहून आलेली, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी. ही इथलीच, बसकी, गुबगुबीत, गालांनी हसणारी.

‘ये लांबी,’ मावशी म्हणाल्या होत्या. ‘ये रुंदी. बसा.’

तेव्हापासून त्या लांबी आणि रुंदी. रुंदीला राग यायचा तो आलाच नाही. उलट आईला पाठवलेल्या पत्राखाली तिनं तीच सही केली.

लांबी इथली भाषा अकराच आठवडे शिकलेली. त्यात एक वाक्य तिला चोख जमलं होतं, ‘मला माहीत आहे’, आणि जमलं म्हणून ती ते कुठेही वापरायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पायरी ओली आहे, जपून, असं बजावलं, तेव्हा मला माहीत आहे म्हणत ती त्याच पायरीवरून घसरली होती. मावशींच्या घरी तिनं पहिली प्रार्थना केली, ती तर गल्लीभर झाली. डोळे मिटून, हात बांधून, सद्गदित आवाजात ती म्हणाली, हे देवा, आम्हाला चष्मा कर. रुंदीनं क्षमा असा शब्द कुजबुजून पाहिला, पण गाडी पुढे गेली होती. चुकलेल्या सगळ्यांना चष्मा कर. आम्हीही एकमेकांना चष्मा करू. मावशींनी एक डोळा उघडला, नाकावरचा चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि खणखणीत आमेन म्हटलं.

अशा हसण्या-हसण्यातच मावशी ऐकू लागल्या. चहा सोडला. तो सोडताना त्यांनी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या त्यांच्या मशीननंही कधी ऐकल्या नव्हत्या. रविवारी चर्चला येऊन मागच्या बाकावर बसू लागल्या. आणि उद्या शनिवारी सकाळी दहाला त्यांचा बाप्तिस्मा होता.

एकच गोष्ट अडली होती, आणि ती फक्त रुंदीला ठाऊक होती.

मावशींचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. सकाळी बटणं आणायला म्हणून खाली उतरला, तो दुकानाच्या दारातच कोसळला. कुटुंबाची गाठ मृत्यूनं तुटत नाही, आपली माणसं पुन्हा भेटतात, हा पाठ दोघींनी शिकवला त्या दिवशी मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांच्याशी माझं भांडण उरलंय, त्या म्हणाल्या. ते पुरं करायला मिळणार असेल तर सांगा. मग लांबीला बगल देऊन त्यांनी सरळ रुंदीकडे पाहिलं होतं.

‘ते भेटतील, हे तुला माहीत आहे?’

‘आम्हाला माहीत आहे, मावशी.’

‘आम्हाला म्हणजे किती जणांना?’

रुंदी हसली होती. मावशी हसल्या नव्हत्या. पुढच्या दर भेटीत तो प्रश्न कुठून तरी डोकं वर काढायचा, आणि रुंदी दर वेळी त्याच अनेकवचनात जाऊन बसायची. आम्हाला खात्री आहे. आमचा असा विश्वास आहे. लांबी मध्येच, मला माहीत आहे, असं ठासून सांगायची, पण पोस्टाचा रस्ता ठाऊक नसतानाही ती तेच म्हणते, हे मावशींनी पाहिलेलं होतं. परवा बाप्तिस्म्याआधीच्या मुलाखतीला आलेल्या चर्चच्या भावानं मावशींना सगळे ठरलेले प्रश्न विचारले. मावशींनी धडाधड उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, माझी उत्तरं झाली, एक उत्तर मला मिळायचंय. तो बिचारा काय समजायचं ते समजून हसला. रुंदी मात्र त्या रात्रीपासून दोन्ही उत्तरं तोलून पाहत होती. मला माहीत आहे म्हटलं तर म्हातारीशी खोटं बोलल्यासारखं. नाही म्हटलं तर उद्या बाप्तिस्म्याच्या हौदात पाणी भरायचंच नाही कदाचित, आणि शेजारी उभी असलेली लांबी सगळं ऐकणार.

म्हणून जिन्यात सराव चालला होता. खोटंच, पण नीट बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं.

गाठोडं टेबलावर सुटलं आणि मावशींचा चेहरा पडला. चर्चच्या कपाटातले ते सहा झगे, बाप्तिस्म्याच्या वेळी कुणीही घालावेत म्हणून शिवलेले, त्यामुळे कुणालाच न बसणारे. मावशींनी एकेक झगा हवेत धरला. हा कुणासाठी, खांबासाठी? याला गळा आहे की खिडकी? हा शिवणाऱ्याचा हात धरून विचारायला हवं, बाबा, तुझं कुणी वाईट केलं होतं का? त्यातल्या त्यात बऱ्यापैकी एक निवडून त्यांनी तो कडेनं उसवला, आत घेतला, धावदोरा घातला. पक्की टीप नंतर. अंगावर चढवून पाहिल्याशिवाय पक्की टीप मारायची नाही, ही त्यांची पद्धत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

शिवता शिवता त्यांनी उद्याचं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. पाणी कोमट असतं का. नाक कुणी धरायचं. अख्खं अंग पाण्याखाली जायला हवं, कपड्याचं टोकसुद्धा वर राहून चालत नाही, दोन साक्षीदार काठावरून बघत असतात आणि टोक तरंगलं तर पुन्हा बुडवतात, हे रुंदीनं सांगितल्यावर त्या थांबल्या. एका लांब बाईचा पाय वर आला म्हणून तिला तीनदा बुडवलं होतं, अशी पुस्तीही रुंदीनं जोडली. मावशींनी लांबीकडे पाहिलं. लांबीनं मान डोलावली. ती बाई तिची मोठी बहीण होती.

‘माझा कपडा तरंगणार नाही,’ मावशी म्हणाल्या, आणि खणातून पडद्याच्या काठात घालतात तसली शिशाची बारीक साखळी काढून त्यांनी ती झग्याच्या घेराला मापून पाहिली.

लांबी कोपऱ्यात इस्त्रीला उभी राहिली. उरलेल्या पाच झग्यांच्या चुण्या मोडायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. मावशी आत जाऊन झगा घालून आल्या. पांढऱ्यात त्या एकदम लहान दिसत होत्या, शाळेच्या कार्यक्रमाला उभ्या केलेल्या मुलीसारख्या. स्टुलावर चढल्या आणि रुंदीला म्हणाल्या, की माझं माप मला घेता येत नाही, तू खाली बस आणि मी सांगते तिथे टाचण्या लाव. रुंदीनं गुडघे टेकले. मावशींच्या सांगण्यावरून आठ-दहा टाचण्या ओठांत धरल्या. एक घे, दुमड, लाव. पुढे सरक. एक घे.

घेराची अर्धी फेरी झाली तेव्हा वरून आवाज आला.

‘आता तुझं तोंड टाचण्यांनी भरलंय. हूं म्हणायचीही सोय नाही. म्हणून आत्ताच बोलून घेते.’

रुंदीचा हात थांबला.

मावशी खिडकीकडे बघत बोलत होत्या. नवऱ्याला मी जन्मभर आमचे हे म्हटलं, त्या सांगत होत्या. आमचे हे आले, आमचे हे जेवले. काय तो दहाजणींचा होता? माझ्या एकटीचा होता. पण माझा म्हणायची लाज वाटायची. आम्ही म्हटलं की माणसाला मागे लपायला जागा होते, हे मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं त्याच जागेत उभी होते मी. त्यामुळे तू तिथे येऊन उभी राहिलीस की मला लगेच कळतं, इथे आधीच गर्दी आहे.

‘तर आता एकटीचं सांग,’ त्या म्हणाल्या. ‘घाई नाही. आधी टाचण्या काढ, गिळशील.’

इस्त्रीची वाफ फुसकन बाहेर पडली आणि बंद झाली. रुंदीनं ओठांतली एक टाचणी काढली, उशीत खोचली. दुसरी काढली. एकूण पाच उरल्या होत्या. शेवटची काढायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. जिन्यात घोटलेलं वाक्य तिनं शोधून पाहिलं, पण तोंड रिकामं झालं तेव्हा ते तिथे नव्हतं. ती गुडघ्यांवरच बसून होती, आणि लांबीकडे न बघता, मावशींच्या पावलांकडे बघत बोलली.

‘मला माहीत नाही, मावशी. काका भेटावेत असं वाटतं. फार वाटतं. पण वाटतं, माहीत नाही. सकाळी गुडघे टेकते तेव्हा कधी समोर कुणीतरी ऐकत असतं, कधी नुसती भिंत असते. भिंत असली तरी मी सगळं सांगून टाकते. न सांगता उठावंसं अजून एकदाही वाटलेलं नाही. एवढंच आहे माझ्याजवळ.’

मग लांबीनं इस्त्री तिच्या जाळीवर ठेवली, चार ढांगांत खोली ओलांडली आणि रुंदीच्या शेजारी जमिनीवर बसून उशीतल्या टाचण्या काढून उरलेला घेर लावू लागली. वाकडा लावत होती. मावशींनी तिला टोकलं नाही.

त्या हळूच स्टुलावर खाली टेकल्या, टाचण्यांसकट. एखादी टोचली असणार, पण त्यांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं अडलेला दोरा सुईच्या नेढ्यातून गेल्यासारखं काहीतरी होतं.

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं माहीत असलेल्या माणसाला काय सांगायचं गं? आपण तोंड उघडायच्या आत तो मान डोलावतो. मला उद्या पाण्यात उतरायच्या आधी एकदा कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ते ज्याला माहीत नाही अशाच माणसाला.’

रुंदीनं वर पाहिलं. मावशींनी दोन्ही हात पांढऱ्या मांडीवर उताणे ठेवले होते.

‘भांडण नव्हतंच उरलेलं. भांडण असतं तर बरं. अबोला होता. चौथा दिवस. कशावरून ते आठवतही नाही. त्या सकाळी बटणं आणायला निघाले, दारात उभे राहिले, म्हणाले, किल्ली दिसत नाही गं माझी. किल्ली इथे होती, या मशीनवर, कापडाखाली. मला माहीत होतं. मी मशीन चालवत राहिले. म्हटलं, जाऊ देत तसेच. परत आले की बेल वाजवावी लागेल, मी उठून दार उघडीन, आणि उघडता उघडता म्हणेन, किती उशीर केलात. तेवढ्यानं अबोला सुटला असता.’