चारची घंटा

या, असे जवळ सरकून बसा मायबाप. मन घटकाभर मोकळं ठेवा. न वाजलेल्या एका घंटेची गोष्ट सांगायची आहे.

लसींच्या शीतकोठाराचा कारभार भांडारबाईंच्या हाती नुकताच आला होता. आधीचे भांडारपाल दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांना सगळे घंटाबाबा म्हणत. बाबांनी पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत एक छोटासा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तो दर दहा मिनिटांनी नव्याने सुरू होई, कोठाराचं तापमान पाही आणि थंडाव्याचं यंत्र चालू-बंद करी. शिवाय रोज बरोबर चार वाजता, काही बिघडलेलं नसताना, एकदा घंटा वाजवी. लोक विचारत, "बाबा, शाळा सुटली का?" बाबा नुसते हसत.

बाईंना तापमानाचा आलेख काढायला शिकायचं होतं. दुपारी एकला त्यांनी धाकट्या जावेला फोन लावला. तिचं पोटच संगणकाच्या कामावर.

"जाऊबाई, पाठवलेली ओळ संगणकात टाका नि एंटर दाबा."

"थांब गं. पडद्यावर येतंय ते वहीत उतरवते."

"अहो, ग्रंथ लिहिताय का? आलेखाचं मॉड्यूल आहे ते, तयार जोडणी, आपोआप बसतं!"

"लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही. हे बघ, म्हणतंय, जुनं एक काढलं आणि नवं घातलं."

"घालू दे की!"

नवी मॉड्यूल्स जुन्यांना हात न लावता वेगळ्या जागी बसवायची असतात, हे जावेला पक्कं ठाऊक होतं. पण बाई पहिल्याच दिवशी गोंधळतील, म्हणून तिने मायेने तेवढं सोडलं.

आलेख उमटला. बाई हरखल्या. रेघ एक वाजताच्या खुणेशी येऊन थांबली होती, पुढे सरकत नव्हती. त्यांना वाटलं, असंच असतं. त्यांनी पडद्यावरची खिडकी बंद केली. यंत्राच्या घरघरीने दिवसभर थरथरणारी कपाटाची काच आता गप्प होती.

चार वाजले. चार वाजून पाच झाले.

बाई धावत जाऊन पाहतात तर कोठाराच्या दारावरचा तापमानाचा काटा साडेसात अंशांवर! आठ ओलांडले की माल फेकायचा, आणि उद्या सकाळी शंभर तान्ही लेकरं लस टोचून घ्यायला यायची होती. बाईंनी पुन्हा जावेला फोन लावला.

"अगं, घंटा नाही वाजली!"

जाऊ म्हणाली, "बाबांचा प्रोग्रॅम त्या जुन्या मॉड्यूलवर चालत असणार, ते निघालं नि तो बंद पडला. कोणतं व्हर्जन होतं, कितव्या आकड्याचं? पडद्यावर बघा."

"पडद्यावरचं सगळं बंद केलं मी."

"वही! जाऊबाई, वही उघडा!"

वहीत आकडा होता. बाईंनी जुनं मॉड्यूल परत बसवलं. प्रोग्रॅम हाताने कसा सुरू करायचा, ते बाबांबरोबरच गेलं होतं. प्रोग्रॅमच्या पुढच्या फेरीला, चार-वीसला, अजून सहा मिनिटं होती. बाई देवाचं नाव घेत काट्यासमोर उभ्या राहिल्या. पावणेआठ. काटा आणखी सरकला.

भिंतीआड घरघर सुरू झाली. काटा आठच्या केसभर अलीकडे अडला.

पण वरच्या फळीवरचा तापमापक नऊ दाखवत होता. तिथल्या तीस बाटल्या बाईंनी आपल्या हातांनी फेकायला बाहेर काढल्या. उद्या कोणाच्या लेकराला परत पाठवायचं, हे कसं ठरवायचं?

मायबाप, ती घंटा रोज एवढंच सांगायची, की प्रोग्रॅम जागा आहे; उद्या चार वाजले की घंटाबाबांची एकदा आठवण काढा.